गंधे सरांची बांधणी

गंधे सर तसे मुळीच चोखंदळ नव्हते. शर्ट तयार घेत, तेही कापडबाजारातल्या एकाच दुकानातून, एकदम चार आणि चारही एकाच रंगाचे. डबा खानावळीचा. त्यात मीठ कमी होतं की जास्त, हे त्यांना डबा संपल्यावरही सांगता यायचं नाही. आई गेल्यापासून सावेडीतल्या दोन खोल्यांत ते एकटेच राहत. घरी चहासुद्धा करत नसत. कोपऱ्यावरच्या टपरीवर पिऊन स्कूटरला किक मारत. जगातल्या सगळ्या तयार गोष्टी त्यांना चालायच्या. फक्त कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम तयार आणलेला चालायचा नाही. तो त्यांना स्वतःच्या हातानं बांधायचा असे.

‘बांधणं’ हा त्यांचाच शब्द. आम्ही सगळे ‘कंपाइल करणं’ म्हणायचो. सर म्हणायचे, ‘आज एक बांधायला घेतलाय.’ नव्या माणसाला वाटायचं, यांच्या घराचं काम चाललंय.

नगर-मनमाड रस्त्यानं नागापूरची एमआयडीसी मागे टाकली की डाव्या हाताला आमचं केंद्र लागायचं. पिकांवरच्या संशोधनाचं, लहानसं. ज्वारीच्या वाणांचे नमुने आम्ही बाहेर पाठवायचो आणि तिकडून त्यांचा डीएनए वाचून यायचा, म्हणजे चार अक्षरांच्या प्रचंड फायली यायच्या. नुसती अक्षरं, अंत नसलेली. त्यातून काही अर्थ काढायला खास प्रोग्रॅम लागतात. जगभरचे संशोधक ते लिहितात आणि फुकट देतात, पण पुष्कळदा देतात ते मूळ लिखाण, सोर्स कोड. ते आपल्या मशीनला कळेल अशा रूपात आणायचं, त्याला लागणाऱ्या दहा दुसऱ्या गोष्टी जमवायच्या आणि एकदाचं चालू करायचं, हे काम गंधे सरांचं. हुद्द्यानं ते सांख्यिकी सहायक होते. हे काम त्यांच्या नेमणुकीच्या कागदात कुठेच नव्हतं. त्यांनी ते आपण होऊन अंगावर घेतलं होतं आणि मग कोणी काढून घेतलं नाही.

मी तिथे प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागले तेव्हा पुण्यातून नुकतीच एमएस्सी होऊन आले होते आणि मला सगळं येतं अशी माझी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात मला एक प्रोग्रॅम हवा होता. सर्व्हर रूममध्ये जाऊन मी म्हटलं, ‘सर, तयार पॅकेज आहे याचं. एका ओळीत इन्स्टॉल होतं.’

‘असेल की.’

‘मग करू या ना.’

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘ते कोणी बांधलंय? कुठल्या मशीनवर? आत काय काय घातलंय? माहीत आहे तुम्हाला, मॅडम?’ माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा माणूस मला मॅडम म्हणत होता. शेवटपर्यंत म्हणत राहिला.

‘नाही माहीत.’

‘मग ते बंद पडल्यावर कोणाला विचाराल?’

‘तुम्हालाच,’ मी फटकन बोलून गेले.

सरांचे कान लाल झाले. मला वाटलं, रागावले. नंतर कळलं की ते खूश झाले होते. दुपारपर्यंत माझा प्रोग्रॅम बांधून तयार होता आणि सरांनी स्वतः माझ्या टेबलापाशी येऊन सांगितलं, ‘काही अडलं तर विचारा हं.’ जाताना दारातून वळून पुन्हा म्हणाले, ‘विचारा.’

तो प्रोग्रॅम अडला नाही, म्हणून मी विचारलं नाही.

त्यांची काम करायची पद्धत बघण्यासारखी होती. आधी सोबतची सगळी माहिती वाचायची, जी जगात कोणीच वाचत नाही. मग लांब रुंद वहीत तारीख, प्रोग्रॅमचं नाव, त्याला लागणाऱ्या गोष्टी, दिलेल्या सूचना, सगळं निळ्या शाईनं उतरवायचं. मग ‘मेक’ अशी आज्ञा देऊन, खुर्ची मागे सरकवून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसायचं. पडद्यावर ओळी धावायला लागत. वीस मिनिटं, कधी दीड तास. दुसरं कोणी असतं तर चहाला गेलं असतं. सर जागचे हलत नसत. मशीन मधूनच पिवळी वॉर्निंग द्यायचं, काम मात्र पुढे चालू राहायचं. मी म्हणायचे, ‘सोडा हो सर, वॉर्निंगच आहे.’ त्यावर ते म्हणायचे, ‘कोणीतरी खाकरलंय मॅडम. वळून बघायला नको?’

त्यांच्या शेजारी एक रिकामी खुर्ची कायम ओढून ठेवलेली असे. तिच्यावर ते स्वतः काही ठेवत नसत आणि दुसऱ्यालाही ठेवू देत नसत.

एकदा मीच हौसेनं एक प्रोग्रॅम बांधायला घेतला आणि पडदा लाल झाला. चारशेच्या वर चुका. मी शेवटच्या पाच-सहा वाचल्या, इंटरनेटवर शोधल्या, दिवसभर डोकं फोडलं आणि संध्याकाळी रडवेली होऊन सरांकडे गेले. त्यांनी काही विचारलं नाही. वर, वर, वर, थेट सुरुवातीपर्यंत गेले आणि पहिल्या लाल ओळीवर बोट ठेवलं. एक छोटी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारा कोडचा तयार संच, मशीनवर नव्हती, एवढंच त्या ओळीत म्हटलं होतं. ती घातल्यावर चारशेच्या चारशे गायब.

‘पहिली वाचायची, मॅडम. बाकीच्या सगळ्या तिच्या लेकीसुना.’

मी हसले. सरही हसले, आणि मग जरा वेळानं म्हणाले, ‘बसा ना. पुढचं बघा काय येतंय.’ मला साडेपाचची बस पकडायची होती. मी म्हटलं, उद्या बसते.

ज्यांनी हे प्रोग्रॅम लिहिले त्या माणसांना सर ओळखत, म्हणजे त्यांच्या लिखाणातून. कोडच्या मधेमधे लिहिणाऱ्यानं स्वतःसाठी केलेली टिपणं असतात. ती वाचून सर त्यांच्याबद्दल शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलत. ‘हा तिसऱ्या फायलीपर्यंत दमलाय बघा. इथून पुढे एक टिपण नाही.’ किंवा, ‘या बाईचं काम चोख. पण हिला मधेच कोणीतरी काढलेलं दिसतंय, शेवट दुसऱ्या हाताचा आहे.’ कुठल्या देशातली कोण बाई, पण तिला काढल्याचं सरांना दोन दिवस वाईट वाटत होतं.

कधी कोडमध्ये चूक सापडली तर ती दुरुस्त करून सर मूळ माणसाला ईमेल पाठवत. त्यांचं इंग्रजी सरकारी अर्जाच्या वळणाचं होतं. उत्तरं येत नसत. एकदा मात्र आलं. ‘आभार, दुरुस्ती घेतली’, एवढ्या अर्थाचे तीन शब्द. आणि त्या प्रोग्रॅमच्या पुढच्या आवृत्तीत, ज्यांची ज्यांची मदत झाली त्यांच्या यादीत, खाली, एस. गंधे असं नाव होतं. त्या दिवशी सरांनी पेढे आणले नाहीत. त्यांना ते सुचलंही नसेल. पण आमचे शिपाई भाऊसाहेब चहा घेऊन आले तेव्हा त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

‘भाऊसाहेब, हे बघा. माझं नाव.’

भाऊसाहेबांनी ट्रे खाली ठेवला, वाकून बघितलं. ‘लई भारी, सर. परदेशात छापलं व्हय?’

‘सगळ्या जगात. जो कोणी हा प्रोग्रॅम घेईल त्याच्याकडे ही यादी जाणार.’

‘आन् ती वाचतं कोन?’

सरांनी खरंच विचार केला. ‘कोणी नाही,’ ते म्हणाले.

‘आमी वाचली की,’ म्हणून भाऊसाहेबांनी ट्रे उचलला. मी तेव्हा कपाटाआडून फाइल काढत होते. मी पुढे होऊन ती यादी वाचायला काय हरकत होती, असं आता वाटतं. तेव्हा नाही वाटलं.

तीन वर्षांत मला एवढं कळलं होतं की या माणसाला पगारवाढ नको, हुद्दा नको. आपण बांधलेलं कोणीतरी वापरावं, वापरताना अडावं, आणि आपल्याकडे यावं, एवढंच त्यांना हवं होतं. आपल्या मागे ते सांभाळणारं कोणी असावं, हेही. मला ते दोन-तीनदा म्हणाले होते, ‘फार नाही मॅडम, महिनाभर रोज तासभर बसलात तरी येईल.’ मी दर वेळी हो म्हटलं होतं.

सरांच्या निवृत्तीला दोन आठवडे राहिले आणि नवं मशीन आलं. जुन्या सर्व्हरचा पंखा कण्हायला लागला होता, तेव्हा ते येणारच होतं. सोबत पुरवठादाराचा एक इंजिनिअर आला, गळ्यात ओळखपत्र, बोलण्यात झपाटा. केंद्रप्रमुखांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, सरांना बोलावून सांगितलं की आता सगळं तयार स्वरूपात टाकून देऊ, जुनं ओढत नेण्यात अर्थ नाही. सर सहसा साहेबांपुढे बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

‘साहेब, चव्वेचाळीस प्रोग्रॅम आहेत. आपल्या ज्वारीच्या कामासाठी त्यातल्या काहींत मी बदल केलेत, ते बाहेर कुठे मिळणार नाहीत. मी नुसते उचलून नव्या मशीनवर ठेवतो. कोणाला काही करावं लागणार नाही. शुक्रवारी दाखवतो.’

‘चालले तर ठेवू,’ साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

इथे सरांची एक गोष्ट सांगायला हवी. प्रोग्रॅम बांधताना कंपायलरला, म्हणजे बांधणीचं काम करणाऱ्या प्रोग्रॅमला, एक सूचना देता येते, की तू ज्या मशीनवर बसला आहेस त्याच्याच मापानं बेत. मग त्या मशीनच्या प्रोसेसरला जे जे खास येतं ते सगळं वापरून घेतलं जातं आणि काम भराभर होतं. आमचा जुना सर्व्हर आधीच कमी ताकदीचा, म्हणून सर प्रत्येक प्रोग्रॅमला ही सूचना देत. त्यांचा त्यात हातखंडा होता. आठ तासांचं काम ते पाचावर आणत आणि आम्ही फुकटात शाबासकी मिळवत असू. या सूचनेत धोका एवढाच, की असा बेतलेला प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर चालेलच असं नाही. सरांना हे माहीत होतं. पण नवं मशीन जुन्याच्या पुढचं, जुन्याला जे येतं ते नव्याला येणारच, असं त्यांनी धरलं. नवं मशीन दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरचं होतं. जुन्याच्या काही युक्त्या त्याला शिकवलेल्याच नव्हत्या.

शुक्रवारी सकाळी साहेब, इंजिनिअर, मी, सगळे सर्व्हर रूममध्ये उभे राहिलो. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी पहिल्या प्रोग्रॅमचं नाव टाइप करून बटण दाबलं. एकच ओळ आली: बेकायदा सूचना, काम थांबवलं. सरांनी दुसरा चालवून बघितला. तीच ओळ. तिसरा, चौथा. आम्ही त्यांच्या पाठीमागे होतो, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं, पण मान हळूहळू खाली जाताना दिसत होती. त्यांनी चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस चालवून बघितले. मधेच थांबावं असं त्यांना वाटलं नाही आणि थांबा म्हणायचं आम्हाला धाडस झालं नाही.

‘असू द्या गंधे, होतं असं,’ साहेब शेवटी म्हणाले आणि बाहेर गेले. इंजिनिअरनं जेवणाच्या सुट्टीआधी तयार पॅकेजं टाकून दिली. ती चालली.

दुपारी सर माझ्या टेबलापाशी आले. वही छातीशी धरलेली.

‘मॅडम, चूक माझी आहे. पण वहीत सगळं लिहिलेलं आहे. साध्या मापानं पुन्हा बांधले तर नव्या मशीनवर चालतील. नऊ दिवस आहेत. दोघं बसलो तर होतील.’ थोडं थांबून म्हणाले, ‘तुम्ही बसाल का?’

‘बसते की सर,’ मी म्हटलं.

मी एक दिवस बसले. त्या ओढून ठेवलेल्या खुर्चीवर मी पहिल्यांदा बसले तेव्हा सर इतके बोलले, जितके तीन वर्षांत बोलले नव्हते. आईला शेवटी शेवटी ऐकू येत नव्हतं, तेव्हा घरात मोठ्यानं बोलायची सवय लागली आणि ती गेल्यावरही महिनाभर सुटली नाही, असं सांगितलं. एकटाच मोठ्यानं बोलत होतो हो, म्हणाले, आणि हसले. त्या दिवशी आम्ही चार प्रोग्रॅम बांधले. दुसऱ्या दिवशी माझ्या पेपरचं काम निघालं. ते खरंच होतं, पण इतकंही नव्हतं. माझी कामं त्या तयार पॅकेजांवर छान चालली होती आणि मला त्या खोलीत दिवस काढायचा कंटाळा आला होता. मी रोज सकाळी खिडकीतून हात करायचे, सरही हात करायचे, आणि शेजारची खुर्ची तशीच.

निरोपसमारंभाच्या दिवशी शाल, नारळ, साहेबांचं भाषण झालं. सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं तर ते म्हणाले, ‘अडतीस झालेत. एकोणचाळिसावा चालू आहे, तो बघून येतो,’ आणि शालीसकट उठून गेले. लोक हसले, मीही हसले. अर्ध्या तासानं भाऊसाहेब त्यांचा नारळ घेऊन सर्व्हर रूमकडे गेले आणि परत येऊन मला म्हणाले, ‘मॅडम, सर एकलेच बसल्यात. जा की जरा.’ मी जाते म्हटलं. तोवर फोटोसाठी हाक आली.

पुढची गोष्ट मला लिहायला जड जातेय. सर निवृत्त झाल्यावर आठ-नऊ महिन्यांनी मशीनवर जागा कमी पडायला लागली. इंजिनिअरनं यादी पाठवली, काय काय पुसायचं त्याची, आणि ‘वापरात आहे की नाही’ असा रकाना. गंधे सरांच्या डिरेक्टरीपुढे, म्हणजे त्यांचे सगळे प्रोग्रॅम होते त्या फोल्डरपुढे, कोणीतरी काहीतरी लिहायचं होतं. साहेबांनी यादी माझ्याकडे दिली. मी ‘नाही’ लिहिलं. ते खोटं नव्हतं. सरांनी नव्या मशीनवर पुन्हा बांधलेल्यांपैकी एकही, आम्ही कोणी, एकदाही चालवला नव्हता.

त्यानंतरच्या दिवाळीत सासूबाईंना घेऊन शिर्डीला गेले. स्टँडमागच्या एका हॉटेलात रूम ठरवली होती. काउंटरवर मरून जाकीट घातलेले गंधे सर बसले होते. जाकीट खांद्यांवर मोठं होत होतं. मला बघून ते उठून उभे राहिले.

‘मॅडम! अहो, बसा, बसा.’ मग माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न बघून म्हणाले, ‘घरी नुसतं बसवेना. इथे बुकिंगच्या कॉम्प्युटरवर बसतो. सगळं तयार असतं, बटणं दाबायची. माणसं असतात पण दिवसभर. जेवणही इथेच.’

सासूबाईंना त्यांनी पाणी दिलं, लिफ्टजवळची खोली दिली. त्या वर गेल्या. मी काउंटरपाशी थांबले. सरांनी पेन खाली ठेवलं.

‘चालतंय ना आपलं?’

‘हो सर. रोज वापरतो.’ तोंडातून निघून गेलं.

सर माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. पडद्यावरची ओळ वाचावी तसं, सावकाश. ‘वापरत असतात तर एखादा तरी फोन आला असता, मॅडम,’ ते म्हणाले. ‘चालणाऱ्या गोष्टीत रोज काहीतरी अडतं. वर्षात एकही फोन नाही.’

मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी म्हटलं, ‘सर, पुसली ती डिरेक्टरी. जागा हवी होती. यादीत वापरात नाही असं मीच लिहिलं.’

त्यांनी मान हलवली. काउंटरवरची घंटी बोटानं जरा सरळ केली.

‘किती जागा सुटली?’

‘अकरा जीबी.’

‘एवढीच?’

तेवढ्यात दारातून दहा-बारा जणांचं कुटुंब आत आलं, बॅगा, लेकरं, गळ्यात झेंडूच्या माळा. सरांनी माझ्यापुढचं रजिस्टर उचलून त्यांच्यापुढे केलं. ‘या, या. सगळ्यांची आधार कार्डं द्या,’ ते म्हणाले आणि खाली वाकून एकेका कार्डावरचं नाव वहीत उतरवायला लागले.